आधी अंघोळीचं विचारा

थेरपीचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींसमोर मला अधूनमधून बोलायला बोलावतात. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता चौदा वर्षांचा; माझी पात्रता एवढीच. शेवटी कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, आम्ही पालकांसाठी नेमकं काय करायला हवं?" मी तिथे घाईघाईत काहीतरी गोड बोलून सुटका करून घेते आणि खरं उत्तर घरी परतताना सुचतं. ते असं आहे: घरी गृहपाठ देण्याआधी विचारा, की दिवसातली सगळ्यात अवघड वेळ कोणती?

तो चार वर्षांचा असताना आमच्याकडे तीन फायली होत्या. स्पीच थेरपीची, ओटीची (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून दिलेली थेरपी) आणि विशेष शिक्षिकेची. तिघींनी दिलेला घरचा कार्यक्रम मी एकदा बेरीज करून पाहिला, तर रोजचे दोन तास चाळीस मिनिटं झाली. दोघींनी काय दिलंय हे तिसरीला माहीत नव्हतं. मग मी काय करायचे, तर सेशनच्या आधी बाहेरच्या बाकावर बसून आठवडाभराच्या रकान्यांत बरोबरच्या खुणा करायचे. कधी निळ्या पेनाने, कधी काळ्या, म्हणजे खऱ्या वाटाव्यात. तेव्हा फायलीतल्या खुणांवर फार विसंबू नका. आई खोटं बोलते ती आळशी असते म्हणून नाही. "जमलं नाही" म्हटल्यावर समोरचा चेहरा कसा होतो ते तिने एकदा पाहिलेलं असतं.

अवघड वेळेबद्दल पहिल्यांदा विचारलं ते एका नव्या ओटी थेरपिस्टने. मी म्हटलं, डोक्यावरून अंघोळ. रोज किंचाळणं, चावणं, दोघांचं रडणं. तिने कोरडा मग माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "करून दाखवा." मी दाखवलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की मी त्याच्या मागे उभी राहते, म्हणजे पाणी कधी पडणार हे त्याला कळतच नाही. तिने तीनच गोष्टी सांगितल्या. समोर या, घडी घातलेला टॉवेल त्याला कपाळावर धरू दे, आणि मोठ्याने पाचपर्यंत मोजून मगच पाणी ओता. मोजताना घाई नको, आणि पाचच्या आधी एक थेंबसुद्धा नको. महिनाभराने किंचाळणं कमी झालं. त्यानंतर कधीतरी मी चारवर थांबले, साबण शोधत होते, आणि तो म्हणाला, "पाच." स्पीचच्या फायलीत ज्यासाठी वर्षभर खुणा चालल्या होत्या ते न्हाणीघरात झालं, तेही जादा वेळ न काढता. अंघोळ तर व्हायचीच होती.

पालकांना हाताशी घेऊन काम करण्याची ही रीत नुसती माझ्या अनुभवातली नाही. ब्रिटनमध्ये पॅक्ट नावाच्या चाचणीत १५२ लहान मुलांचा अभ्यास झाला. तिथे थेरपिस्ट पालकांना त्यांच्या स्वतःच्याच खेळण्याचा व्हिडिओ दाखवत आणि मुलाने केलेली बारीकशी खूण त्यांच्याकडून कुठे टिपली गेली ते दाखवून देत. काही वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हाही त्याचा फायदा टिकून होता. ते निष्कर्ष २०१६ साली आले. मला यातलं 'कुठे टिपली गेली' हे आवडतं. आमच्याकडे सहसा कुठे चुकलं तेच दाखवलं जायचं.

चुकीवरून आठवलं. निदान सांगणाऱ्या डॉक्टरांनी मुलासमोरच विचारलं होतं, "घरी कोणी बोलत नाही का याच्याशी?" या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं वर्णन केलं, त्यात पालकांच्या थंडपणाचाही उल्लेख होता. पुढे ब्रुनो बेटेलहाइम यांनी तर सरळ आयांवरच ठपका ठेवला. त्याला १९६४ मध्ये ठोस उत्तर दिलं बर्नार्ड रिमलँड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि अशाच एका मुलाचे वडीलही. ठपका शास्त्रातून केव्हाच गेला, पण बोलण्यातून अजून गेलेला नाही.

निदानाचा शब्द कानावर पडल्यानंतरचं मला काहीच ऐकू आलं नव्हतं. म्हणून ते लिहून द्या, आणि आठवड्याने पुन्हा बोलवा, फक्त प्रश्नांसाठी. तीन वर्षांच्या मुलाचं भविष्य सांगू नका, चांगलंही नाही. मुलाला हवं ते दाखवून सांगता यावं म्हणून चित्रांची कार्डं किंवा टॅबलेट सुचवलात तर त्याने बोलणं थांबत नाही हे आपणहून सांगा. ती भीती प्रत्येकाला असते आणि विचारायची लाज वाटते. शक्य असेल तर वडिलांशीही थेट बोला, नाहीतर सगळे निरोप आईच पोचवत बसते आणि घरात तीच थेरपिस्ट होते. मला ती नोकरी नको होती. मला संध्याकाळी नुसतं त्याच्याशेजारी लोळायचं असायचं.

सध्याची अवघड वेळ? त्याला मिसरूड फुटलंय आणि ट्रिमरचा आवाज अजिबात सहन होत नाही. मोजणं पुन्हा सुरू केलंय. ट्रिमर बंद ठेवून पाचपर्यंत जमतं. चालू करून सध्या दोनपर्यंत पोचलोय.