तुम्ही विचारलंत म्हणून: देवमाशाची शिकार चालते का तुम्हाला?

समुद्री प्राण्यांवर काही लिहिलं की हा प्रश्न येतोच, की ताई तुम्ही स्वतः शाकाहारी, देवमासे वाचवा म्हणून ओरडता, मग अलास्कातले मूळ रहिवासी इन्युपियाट लोक बोहेड जातीचा देवमासा मारतात त्याला तुमचा विरोध कसा नाही? एकदाचं लिहूनच टाकते.

आधी हे, की बोहेड संपत आले ते यांच्यामुळे नाही. 1848 पासून अमेरिकेची व्यापारी जहाजं तिथे घुसली आणि तेलासाठी आणि देवमाशाच्या तोंडातल्या झालरीसाठी (ती बायकांच्या कॉर्सेटमध्ये जायची, बोला आता!) सफाया करून निघून गेली. निस्तरायची वेळ आली 1977 मध्ये, तेव्हा आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनच्या (देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणारी संस्था) बंदीत सापडले ते मात्र इन्युपियाट, कारण शास्त्रज्ञांच्या हिशेबात बोहेड दोन हजारसुद्धा उरले नव्हते. शिकारी म्हणाले तुमची मोजणीच चुकलीये, बर्फाच्या कडेला उभं राहून दिसतील तेवढेच मोजताय, ते बर्फाखालूनही जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात. मग पाण्यात मायक्रोफोन सोडले तर खरंच, न दिसणाऱ्या देवमाशांचे आवाज! 2011 च्या मोजणीत अंदाज 16,000 च्या वर गेला, त्यात खरी वाढही आहेच, पण शिकारी बरोबर होते हे मान्य करायला हवं. बंदीही 1977 च्याच अखेरीस उठून छोटा कोटा आला होता. आणि ते मांस विकायचं नाही, गावात वाटायचं.

आता वेदनेचं. इथे मला "त्यांची परंपरा आहे" हे उत्तर पुरत नाही. हार्पून (दोरी बांधलेला भाला) लागला म्हणून एवढं अवाढव्य जनावर लगेच मरत नाही, काही तर जखमी होऊन बर्फाखाली निसटतात, वाचताना पोटात कालवतं. पण त्यांच्या कोट्यात किनाऱ्यावर आणलेला तर धरतातच, नुसता वार लागून सुटलेलाही धरतात. 2019 पासून वर्षाला 67 वारांची मर्यादा, वर आधीचे शिल्लक असतील त्यातले काही. म्हणजे लांबून अंदाजपंचे हार्पून मारणं परवडतच नाही. शिवाय हार्पूनबरोबर डागायच्या, बंदुकीच्या दारूच्या जुन्या बॉम्बऐवजी पेन्थ्राइट या जास्त जोरदार स्फोटकाचे ग्रेनेड आलेत, मरण लवकर येतं. लवकर म्हणजे सुखाचं नाही, तेवढं कळतं मला. तरी उद्या मोजणी घसरली आणि कोटा तसाच राहिला तर मी नक्की विरोधात लिहीन.

आणि हो, पुढचा प्रश्न माहितीये, मग जपानने काय घोडं मारलंय? तिथे ते मांस बाजारात जातं, आणि 2019 मध्ये तर ते कमिशनमधूनच बाहेर पडले, म्हणजे किती मारायचे ते आता स्वतःच ठरवणार. त्याला माझा विरोध आहे.