राणे आणि चिंगसचा रस्ता

८ एप्रिल

ही तारीख आली की मला राणे आठवतात. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाचे. मूळचे कारवारकडचे; १९९४ मध्ये वारले ते मात्र पुण्यातच. १९४० मध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. खांद्यावर तारा लागून चार महिनेही झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

पाकिस्तानशी काश्मीरची पहिली लढाई चालू होती आणि आपले रणगाडे नौशेऱ्याहून राजौरीकडे निघालेले. वाटेत सुरुंग, आडवी पाडलेली झाडं, उडवलेल्या मोऱ्या. ८ एप्रिल १९४८, सकाळी अकरा. काम सुरू व्हायच्या आतच उखळी तोफांचा मारा झाला. दोघे ठार, पाच जखमी, त्या पाचांत राणे स्वतः. उरलेल्यांना गोळा करून ते कामाला लागले ते रात्री दहापर्यंत.

त्यांच्या परमवीर चक्राचं मानपत्र मी अधूनमधून वाचते. अगदी हजेरीपटासारखं आहे. ९ तारखेला सकाळी सहा ते दुपारी तीन, वळणरस्ता. मग सगळ्यात पुढच्या गाडीत बसून झाडांचे अडथळे उडवत पुढे. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. राणेंनी सुरुंग काढायला घेतलेही होते. थांबायचं ठरवलं ते ताफ्याच्या प्रमुखाने. पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा तिथेच. साडेसहाला वाट मोकळी.

रणगाड्याखालून सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत ते पुढे गेले, ही गोष्ट नेहमी सांगतात. सांगावीच. माझं मन मात्र १० तारखेच्या दुपारपाशी अडतं. रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रातून गेले आणि दोन वाजता राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. आता जरा टेकायला काय हरकत होती? पण मागून रसद यायची होती आणि तिला रस्ताच हवा होता. राणे रात्री नऊपर्यंत खपत राहिले, ना अन्न ना विश्रांती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरुवात, अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला.

हे त्यांना जवान म्हणून काढलेल्या सात वर्षांनी शिकवलं असणार, असं आपलं मला वाटतं. मागच्या गाड्यांची वाट कोण कोण बघत असतं, हे त्यांनी रांगेत उभं राहून पाहिलेलं होतं.