पुलावर लटकलेला राजू

राजू अजून पुलावरच लटकलेला आहे. जून २००६ पासून. अंगावर जुन्या बंदुका, तोंडात धरलेला मोबाइल, आणि तो मोबाइल वाजतोय. पलीकडून श्याम आणि बाबूराव जिवाच्या आकांताने फोन लावताहेत, कारण हा ज्या बंदुका पाण्यात टाकायला निघालाय त्या कोट्यवधींच्या आहेत हे त्यांना आत्ता कळलंय. ‘हेरा फेरी’ सिनेमाचा दुसरा भाग, ‘फिर हेरा फेरी’, तिथेच संपला. थिएटरात दिवे लागले तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ डोअरकीपरला म्हणाले होते, “अहो, पुढचं रीळ लावा की!” पुढचं रीळ अजून लागलेलं नाही.

मधल्या काळात मी दोन नोकऱ्या बदलल्या, चष्म्याला खालच्या बाजूने दुसरा नंबर आला, आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या इतक्या मीटिंगा झाल्या की बिल्डरच्या माणसाला आमच्याकडचा चहा किती गोड असतो हे पाठ झालं. राजू तिथेच. त्याच्या फोनची बॅटरीही टिकून आहे, पण तेव्हाचे फोन होतेच तसे.

तिसऱ्या भागाची बातमी आली की आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एक ‘आला रे आला’वाल्यांचा, दुसरा ‘नको रे बाबा’वाल्यांचा. मी दोन्हीकडे आहे. सकाळी इकडे, रात्री तिकडे. मध्ये एकदा जॉन अब्राहम आणि अभिषेक बच्चन यांची नावं आली आणि विरली. २०२२ मध्ये कार्तिक आर्यन येणार म्हटल्यावर, एरवी वाढदिवसालाही तोंड न उघडणारे लोक ग्रुपवर लिहिते झाले. मग जुनंच त्रिकूट ठरलं: राजू अक्षयकुमार, श्याम सुनील शेट्टी, बाबूराव परेश रावल. २०२५ च्या जानेवारीत पहिल्या भागाचे दिग्दर्शक प्रियदर्शन पुन्हा तयार झाले आणि आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकतो न टाकतो तोच मे महिन्यात परेश रावल बाहेर पडले. अक्षयकुमारच्या कंपनीने त्यांना २५ कोटींची नोटीस पाठवली. तो महिनाभर आम्ही कायद्याच्या भाषेत बोलत होतो. जूनअखेर रावल परतले. आमच्यातल्या एकाने ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. नुसता फोटो, पेढे नाहीत.

आता या माणसावर आमचा एवढा जीव का? तर तो आमचा आहे. बाबूराव गणपतराव आपटे. खरं म्हणजे साकारणारा नट गुजराती, दिग्दर्शक मल्याळी आणि मूळ गोष्टही केरळातली, ‘रामजी राव स्पीकिंग’ नावाच्या १९८९ च्या सिनेमातली. तिथे या पात्राची बंद पडलेली नाटक कंपनी होती. ती गोष्ट नाटकवेड्या महाराष्ट्राच्या माणसाला देताना मात्र नाटक कंपनीचं गॅरेज झालं. याचं मला अजून वाईट वाटतं. पण एक गंमत साधली. ‘स्टार फिशरीज’चे फोन या ‘स्टार गॅरेज’ला येत राहतात. म्हणजे आपटे आडनावाच्या माणसाला लोक उठता-बसता मासळी मागतात. हा विनोद हिंदीवाल्यांना किती कळला असेल कोण जाणे. आमच्या घरी आजीने पदर तोंडाला लावला होता.

पण हसून झाल्यावर ‘हेरा फेरी’ पुन्हा पाहावा. २००० सालचा हा सिनेमा विनोदी आहे हे त्यातल्या कुणालाच माहीत नाही. श्याम वडिलांच्या जागी बँकेत नोकरी मिळावी म्हणून हेलपाटे घालतोय. राजू आईशी खोटं बोलतोय. भाडं थकलंय. गुडघ्यावर धोतर खोचलेला, जाड भिंगांचा बाबूराव फोनवर खेकसतो तेव्हा तो खरोखरच वैतागलेला असतो, आपल्याला हसवायला खेकसत नसतो. तिघांनाही पैशाची अशी काही निकड आहे की चुकून लागलेल्या एका फोनवर, अपहरणासारख्या भयंकर प्रकरणात, ते उडी मारतात.

इथे मला आमच्या नानाकाकांची जिलबी आठवते.

माझ्या आतेबहिणीच्या लग्नात पंगतीत जिलबी फिरत होती आणि वाढपी नानाकाकांचं पान तीनदा ओलांडून पुढे गेला. चौथ्यांदा काका उभे राहिले. डाव्या हातात पाण्याचा पेला, उजवा हात वरणभाताने भरलेला. “मी मुलीचा मामा आहे की रस्त्यावरून आत शिरलोय?” एवढंच बोलले. आवाज मध्येच चिरकला. सगळी पंगत हसली. काका मात्र पान तसंच टाकून जानवसघरात जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. त्यांचा अपमान झाला होता, आणि नेमकं म्हणूनच ते दृश्य आमच्या घराण्यात अजरामर झालं.

पुढच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, “नाना, ते जिलबीचं करा ना!” काकांनी केलं. मग मुंजीत, साठीत, बारशाला. हळूहळू त्यात हातवारे आले, खांद्यावरचा टॉवेल झटकणं आलं, चिरकण्याआधी एक विराम आला. हल्ली त्यांना आधी पोटभर जिलबी वाढतात आणि मग ओरडायला सांगतात. लोक हसतात, कारण हसायची जागा ठरलेली आहे.

दुसऱ्या भागातल्या बाबूरावाला आपण विनोदी आहोत ही बातमी पोचली होती, असं मला वाटतं. तो दोन पट्ट्या वर बोलतो, धोतरही जरा जास्तच सांभाळतो. तरी मी तो सिनेमा किती वेळा पाहिला याचा हिशोब विचारू नका. त्याचे दिग्दर्शक नीरज व्होरा यांनी पहिल्या भागाचे संवाद लिहिले होते, म्हणजे ही माणसं बोलतात कशी हे त्यांच्या कानात बसलेलं होतं. तिसरा भागही तेच करायचे. २०१६ मध्ये ते कोमात गेले, निर्माते फिरोज नाडियादवाला यांनी आपल्या घरातच त्यांच्यासाठी रुग्णालयासारखी खोली केली, आणि २०१७ च्या डिसेंबरात ते गेले. तिसऱ्या भागाची चर्चा करताना आम्ही नटांचीच नावं मोजतो. ते कान आता नाहीत, हे कुणी बोलत नाही.

परेश रावल एका मुलाखतीत म्हणाले होते की ही भूमिका म्हणजे गळ्यातला फास आहे. ग्रुपवर त्यांना कृतघ्न म्हणण्यापर्यंत मजल गेली. मला मात्र एकदम खांद्यावरचा टॉवेल झटकणारे नानाकाका दिसले.

असे दुसरे-तिसरे भाग आपल्याकडेही येतात. ‘नवरा माझा नवसाचा’चा पुढचा भाग जवळजवळ वीस वर्षांनी, २०२४ मध्ये आला. तेव्हा एसटीची कोकण रेल्वे झाली, अशोक सराफ कंडक्टरचे टीसी झाले, नवस तेवढा गणपतीपुळ्याचाच राहिला. तेही ठीक आहे. वाहन बदललं तरी प्रवास करता येतो. पण स्टार गॅरेजचं वाहन म्हणजे तो टेबलावरचा काळा फोन. आता राँग नंबर कुणाला लागतो? नाव दिसल्याशिवाय आपण फोनच उचलत नाही. मासळीही ॲपवरून येते, साफ करून, तुकडे मोजून.

गेल्या दिवाळीत भाच्याला बसवून पहिला भाग दाखवला. त्याचा जन्म दुसऱ्या भागानंतरचा. बाबूराव त्याला तोंडपाठ, पण स्टिकरांमधून. प्रत्येक चेहरा आला की तो ओळखीचं माणूस भेटल्यासारखा बोट दाखवायचा. आधी विचारलं, “मामा, डिरेक्टरी म्हणजे?” मी सांगितलं. पिवळी पानं, पांढरी पानं, सगळ्यांचे पत्ते छापलेले. तो म्हणाला, “सगळ्यांचे? आणि कुणी तक्रार नाही केली?” मग बराच वेळ गप्प. शेवटाकडे म्हणाला, “तो स्टिकरवाला चेहरा आहे ना, तिथे तो चिडलाय. मी तो सगळ्यांना हॅपी बर्थडेला पाठवतो.”

म्हणून तिसऱ्या भागाची माझी भीती एवढीच आहे, की तो आमच्याच फोनमधली स्टिकरं आम्हाला मोठ्या पडद्यावर दाखवेल, आणि आम्ही शिट्ट्या मारू. आशा विचाराल तर फार मोठी नाही. गॅरेज रिडेव्हलपमेंटला गेलेलं असावं. बाबूरावाला चौदाव्या मजल्यावर खोली मिळालेली असावी, लिफ्ट बंद असावी, आणि मेंटेनन्स थकलेला असावा. त्याने सेक्रेटरीवर मनापासून चिडावं, एवढंच. बाकी राजूला पुलावरून कसं उतरवायचं ते प्रियदर्शन बघतील.

मागच्या महिन्यात भाचीचं लग्न होतं. हल्ली पंगत नसते, तरी वडीलधाऱ्यांसाठी एक टेबल मांडलं होतं. जिलबी आली तशी पोरांनी मोबाइल वर धरले. “नाना आजोबा, होऊन जाऊ दे!” नानाकाका आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ते उठले, टॉवेल झटकला, विराम घेतला आणि पुढचं वाक्यच विसरले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग खाली बसत, शेजारून चाललेल्या पोऱ्याला अगदी काकुळतीने म्हणाले, “अरे, मठ्ठा संपला का रे?”

पोरांनी मोबाइल खाली केले. मी एकटाच इतका हसलो की बायकोने पाठीवर थाप मारून पाणी दिलं. काका माझ्याकडे रागाने बघत होते, कारण मठ्ठा खरंच संपला होता.