कुमरान: पाण्याच्या मागाने पाहायची वस्ती

जेरुसलेमहून मृत समुद्राकडे जाणारा रस्ता समुद्रसपाटीची पाटी मागे टाकतो आणि तरीही उतरतच राहतो. कानांत दडे बसतात. तळाशी पोचल्यावर डावीकडे पाणी, उजवीकडे तांबूस उघडे कडे आणि त्यांच्या पायथ्याशी एका मातकट पठारावर कुमरान, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष. एन गेदीकडे जाणाऱ्या बस जेरुसलेमच्या मध्यवर्ती स्थानकातून सुटतात, तासाभरात पोचवतात. चढतानाच चालकाला सांगून ठेवा. थांबा हमरस्त्यावर आहे, तिथून चढ चालावा लागतो.

ज्यूंच्या शब्बाथमुळे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, शुक्रवारी दुपारनंतर शनिवारी संध्याकाळपर्यंत बस बंद असतात, त्यामुळे हे दिवस टाळा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले ज्यू, बेने इस्रायल, ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात, हे आपल्याला ठाऊक आहे. इथल्या गुहांत सापडलेले नियम त्याहून कडक होते: खड्ड्यात पडलेलं जनावरसुद्धा शनिवारी वर काढू नये, असं त्यात लिहिलेलं आहे.

बहुतेक लोक इथे येतात ते 1947 च्या सुमारास बेदुइन मेंढपाळांना सापडलेल्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांमुळे. पण गुंडाळ्या आता इथे नाहीत. इथे आहेत भिंतींचे पाये, आणि 1951 ते 1956 या काळात फ्रेंच धर्मगुरू-पुरातत्त्वज्ञ रोलां द व्हो यांनी उकललेली एक पाणीव्यवस्था. माझा आग्रह आहे की आधी ती बघा. वायव्येला पाट वस्तीत शिरतो, तिथून सुरुवात करा. वर्षभरात जेमतेम पाऊस पडणाऱ्या या भागात हिवाळ्यात ओढ्याला अचानक लोंढा येतो. तो अडवून, गाळ बसवण्याच्या कुंडांतून नेत, एकामागून एक हौद भरले जात. आपल्या गडांवरची टाकी पाहायची सवय असेल तर ही रचना लगेच उलगडते. फरक पायऱ्यांमध्ये आहे. पिण्यापुरतं पाणी साठवायचं असतं तर हौदाच्या पूर्ण रुंदीच्या पायऱ्या कुणी बांधल्या नसत्या, कारण त्यांनी साठा कमी होतो. काही हौदांत पायऱ्यांवर मधोमध गिलाव्याचे उंचवटे आहेत, अशुद्ध उतरणारा आणि शुद्ध होऊन वर येणारा यांना वेगळं ठेवण्यासाठी. म्हणजे ही शुद्धिस्नानाची कुंडं, मिक्वे. एवढ्याशा वस्तीत ती दहाच्या आसपास आहेत. पूर्वेकडचं एक कुंड उभं चिरलेलं आहे, पायऱ्यांचा अर्धा भाग खचलाय. ही खूण इ.स.पू. 31 च्या भूकंपाची, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पाणी पाहून झालं की दक्षिणेकडच्या सुमारे 22 मीटर लांब दालनापाशी थांबा. शेजारच्या खोलीत हजाराहून अधिक थाळ्या, वाडगे आणि पेले रचून ठेवलेले सापडले. गुहेत सापडलेल्या एका पंथाच्या नियमावलीनुसार नव्या सभासदाला पहिलं वर्षभर शुद्ध अन्नाला हात लावायची मुभा नव्हती. सामुदायिक पेयासाठी दुसरं वर्षही काढावं लागे. त्यानंतरच त्याची मालमत्ता सगळ्यांच्यात मिसळली जाई. हे वाचून गेलात तर कुंड ते भोजनशाळा हे अंतर निव्वळ चालण्याचं राहत नाही.

हे लोक एसीन या प्राचीन ज्यू पंथाचे होते का? मृत समुद्राच्या पश्चिमेला एसीन राहतात, असं रोमन लेखक प्लिनी लिहून गेला आहे. विरोधी मतंही आहेत: कुणी याला श्रीमंताचा वाडा म्हणतं, तर इथे अनेक वर्षं उत्खनन केलेले मागेन आणि पेलेग यांच्या मते हा कुंभारांचा कारखाना. ज्या खोलीला लेखनकक्ष म्हणतात तिथे दौती मिळाल्या, पण गिलाव्याची मेजं लिहायला फार बुटकी आहेत, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही मला पंथाची बाजू पटते, कारण गुहांतल्यासारखेच उंच, नळकांडी रांजण वस्तीतही सापडले आहेत, आणि इतकी स्नानकुंडं कुंभाराला लागत नाहीत. रोमनांनी साधारण इ.स. 68 मध्ये ही वस्ती जाळली.

टोकाच्या कठड्यावरून घळीपलीकडे चौथी गुहा दिसते. तिच्यात सुमारे 15,000 तुकडे मिळाले, पाचशेहून अधिक हस्तलिखितांचे. आत जाता येत नाही, म्हणून छोटी दुर्बीण जवळ ठेवा. पूर्वेला हजाराहून अधिक थडगी आहेत, बहुतेक उत्तर-दक्षिण, दगडांच्या साध्या राशींखाली. पुष्कळ पर्यटक तिकडे वळतच नाहीत. तुम्ही निदान नजर टाका.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि सावली नावाला आहे, तेव्हा दार उघडताच आत शिरा, टोपी घाला, माणशी दोन लिटर पाणी घ्या. हिवाळ्यात पावसाचा इशारा असेल तर ओढ्याच्या पात्रात मुळीच उतरू नका. अवशेष तासाभरात संपतात असं सांगतात. मी अडीच तास धरायला सांगेन. जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयातलं गुंडाळ्यांचं दालन कुमराननंतर ठेवा, कारण त्याचा पांढरा घुमट रांजणाच्या झाकणाच्या आकाराचा आहे आणि ते रांजण आधी डोक्यात बसलेले बरे. मध्यभागी गोलाकार मांडलेली यशायाची (बायबलमधल्या एका ग्रंथाची) गुंडाळी ही प्रतिकृती आहे. मूळ गुंडाळी 7.34 मीटर लांब आहे.

कुमरान वेस्ट बँकेत येतं. निघण्याआधी भारतीय दूतावासाच्या ताज्या सूचना आणि प्रवासविम्याच्या अटी दोन्ही वाचा, आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ जेरुसलेममध्येच विचारून घ्या.