तुम्ही विचारलंत म्हणून: “अजून तीच नळी?”

मी अणुभट्टीतल्या नळ्यांच्या धातूवर संशोधन करते, आणि “अजून तीच नळी?” हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी ऐकायला मिळतो. कधी तो “एवढ्या वर्षांत सापडलं काय?” असा येतो, तर कधी “कॅनडाने हे सगळं पन्नास वर्षांपूर्वी करून ठेवलंय ना?” असा. आजवर दोन वाक्यांत उत्तर द्यायला गेले आणि दर वेळी अर्धवटच सांगितलं. म्हणून आता एकदा नीट लिहिते.

नळी म्हणजे जड पाण्याच्या अणुभट्टीतली प्रेशर ट्यूब. आपल्या २२० मेगावॉटच्या भट्टीत अशा ३०६ नळ्या आडव्या बसवलेल्या असतात. प्रत्येकीचा आतला व्यास साधारण ८२ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी साडेतीन-चार मिलिमीटर. आत युरेनियमच्या इंधनाचे गठ्ठे असतात. त्यांच्यामधून वाहणारं जड पाणी २५० अंश सेल्सियसला आत शिरतं आणि २९० च्या पुढे जाऊन बाहेर पडतं. हवेच्या दाबाच्या ऐंशी-नव्वद पट दाब या भिंतीने वर्षानुवर्षं पेलायचा असतो. या नळीभोवती दुसरी नळी असते, कॅलँड्रिया ट्यूब, आणि तिच्या बाहेर साठ-सत्तर अंशांचं मॉडरेटरचं, म्हणजे न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारं, जड पाणी. गरम आणि थंड अशा या दोन नळ्यांमध्ये फक्त आठ-नऊ मिलिमीटरची फट असते, तीत वायू खेळवलेला असतो. ही फट टिकवायला आतल्या नळीवर बांगडीसारख्या गोल वळवलेल्या बारीक तारेच्या स्प्रिंगा चढवतात. त्यांना गार्टर स्प्रिंग म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नळी झिर्कोनियमच्या मिश्रधातूची असते, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे खात नाही. पण गरम पाण्यात त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, आणि त्या प्रक्रियेत जड पाण्यातून सुटलेल्या ड्युटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, थोडा हिस्सा धातूत मुरतो. ३०० अंशांना झिर्कोनियममध्ये साठ-सत्तर पीपीएम (दहा लाख भागांत साठ-सत्तर भाग) हायड्रोजन विरघळून राहू शकतो. भट्टी थंड केली की तोच धातू एक पीपीएमसुद्धा पचवू शकत नाही. उरलेला हायड्राइडच्या, म्हणजे झिर्कोनियम-हायड्रोजनच्या संयुगाच्या, पातळ पापुद्र्यांच्या रूपाने बाहेर पडतो. हायड्राइड ठिसूळ असतं आणि धातूपेक्षा सोळा-सतरा टक्के जास्त जागा मागतं. पापुद्रे भिंतीला समांतर पडले तर नळी बरंच सोसते. भिंतीला आडवे छेदून उभे पडले तर त्याच नळीचा भरवसा उरत नाही. हायड्रोजनचा आकडा दोन्हीकडे एकच असतो. “किती पीपीएम आहे ते सांगा आणि मोकळे व्हा” असं म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच मोकळं करू शकत नाही.

आता पिकरिंगचं सांगते. याशिवाय माझं उत्तर पुरं होत नाही.

१ ऑगस्ट १९८३. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या पिकरिंग केंद्राची दोन नंबरची भट्टी चालू होती. जी-१६ या चॅनेलमधली प्रेशर ट्यूब फुटली. नळी झिर्कलॉय-२ या झिर्कोनियमच्या जुन्या मिश्रधातूची होती. भेग उघडली ती सुमारे दोन मीटर लांबीची. बाहेरची कॅलँड्रिया ट्यूब टिकली, भट्टी बंद केली गेली, आणीबाणीची शीतन यंत्रणा वापरावी लागली नाही, कुणाला इजा झाली नाही. हे सगळं खरं आहे आणि अभिमानाने सांगण्यासारखं आहे. पण आमच्या लोकांची झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने. तोवर सगळ्यांची भिस्त “आधी गळती, मग फूट” या क्रमावर होती. भेग आधी भिंतीच्या आरपार जाईल, थेंब-थेंब पाणी मधल्या वायूत येईल, वायूचा ओलावा मोजणारं यंत्र बोंब मारेल, आणि भेग धोक्याच्या लांबीला पोहोचायच्या आत भट्टी बंद करता येईल. जी-१६ ने हा क्रम पाळला नाही. गळतीची सूचना न देता ती थेट फुटली.

का, ते नळी बाहेर काढून कापल्यावर कळलं. त्या चॅनेलमध्ये दोन गार्टर स्प्रिंगा होत्या आणि त्यातली एक जागेवरून सरकली होती. आधार सुटला. न्यूट्रॉनांच्या माऱ्यात धातू हळूहळू वाहतो, त्याला आम्ही क्रीप म्हणतो. त्यामुळे नळीला झोळ आला आणि ती खालच्या बाजूने कॅलँड्रिया ट्यूबला टेकली. जिथे टेकली तिथे गरम भिंतीवर थंड ठिपका तयार झाला. हायड्रोजनचा स्वभाव असा की तो गरमाकडून थंडाकडे सरकतो. उन्हाळ्यात गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून दव धरावं, तसा आजूबाजूच्या धातूतला हायड्रोजन त्या ठिपक्याकडे ओढला गेला आणि तिथे जवळपास घट्ट हायड्राइडचा फोड तयार झाला. तांब्यावरचं दव पुसता येतं, हा फोड धातूच्या अंगातच असतो. तो फुगतो आणि स्वतःच तडकतो. टेकलेल्या रेषेवर असे फोड एकामागोमाग एक ओळीने होते. एकाच फोडाची भेग असती तर ती बहुधा आरपार जाऊन गळली असती. ओळीतले तडे एकमेकांना जोडले गेले, आणि भेग भिंतीच्या आरपार जाऊन गळायच्या आतच तिची लांबी धोक्याच्या पलीकडे गेली.

यातली एकेक गोष्ट वेगवेगळ्या लोकांना माहीत होती. झिर्कोनियम हायड्रोजन घेतो, हे माहीत होतं. हायड्रोजन थंडाकडे जातो, हे माहीत होतं. धातू क्रीप होतो, हे माहीत होतं. सैल स्प्रिंग बांधकामाच्या हादऱ्यांनी सरकू शकते, हेही कुणी नाकारलं नसतं. शिवाय झिर्कलॉय-२ ने अंदाजापेक्षा जास्त ड्युटेरियम घेतलं होतं. या पाचही गोष्टी एकाच नळीत, एकाच जागी भेटतील, याचा हिशेब मात्र कुणाच्या टेबलावर नव्हता.

“मग नळ्या बदलल्या ना?” बदलल्या. पिकरिंगच्या एक आणि दोन नंबरच्या भट्ट्यांत झिर्कोनियम-अडीच टक्के नायोबियमच्या नळ्या आल्या. आपल्याकडेही राजस्थान, मद्रास आणि नरोराच्या अणुवीज केंद्रांतल्या जुन्या भट्ट्यांत आणि काक्रापारच्या पहिल्या युनिटमध्ये मुळात झिर्कलॉय-२ आणि सैल स्प्रिंगाच होत्या. काक्रापार-२ पासून नायोबियमचा मिश्रधातू आणि चार घट्ट बसणाऱ्या स्प्रिंगा आल्या, आणि बहुतेक जुन्या भट्ट्यांच्या नळ्या टप्प्याटप्प्याने बदलल्या गेल्या. बदलेपर्यंतच्या काळासाठी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात साधनं तयार झाली: नळीत आतून फिरून स्प्रिंगा कुठे आहेत ते बघणारी, सरकलेल्या स्प्रिंगा जागेवर ढकलणारी, नळीच्या आतल्या अंगाची चिमूटभर ढलपी खरवडून आणणारी.

त्या ढलपीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण “एक नमुना घ्यायला एवढं काय?” हेही मला विचारलं जातं. साधनाला दोन पाती असतात. पहिलं पातं ऑक्साइड काढतं, दुसरं त्याच जागेवरून शंभरेक मिलिग्रॅम स्वच्छ धातू. पहिलं पातं कमी बसलं, तर ऑक्साइडमध्ये अडकलेलं ड्युटेरियम नमुन्यात येतं आणि आकडा उगाच फुगतो. दुसरं खोल गेलं, तर चालू नळीवर आपणच ओरखडा केलेला असतो. म्हणून खाच उथळ हवी आणि तिच्या कडा गोलसर हव्यात. मग प्रयोगशाळेत निर्वात भट्टीत ढलपी तापवून बाहेर येणारा वायू मोजायचा. ड्युटेरियम हायड्रोजनच्या दुप्पट वजनाचं, त्यामुळे ४० पीपीएम ड्युटेरियम म्हणजे परिणामाच्या हिशेबाने २० पीपीएम हायड्रोजन. अहवालात कोणता आकडा लिहिलाय हे न बघता दोन नळ्यांची तुलना केली, की निष्कर्ष सरळ उलटा निघू शकतो.

मी पूर्वी ठामपणे सांगत असे की नायोबियमचा मिश्रधातू आला आणि मूळ प्रश्न संपला. उरलं ते किरकोळ. तेव्हाच्या माझ्याशी आज मला वाद घालावासा वाटतो. पिकरिंगच्या तीन आणि चार नंबरच्या भट्ट्यांत हाच मिश्रधातू होता, आणि १९७४-७५ मध्ये, म्हणजे जी-१६ च्याही आधी, तिथल्या बऱ्याच नळ्या टोकाच्या रोल्ड जॉइंटपाशी गळल्या होत्या. नळी टोकाच्या पोलादी फिटिंगमध्ये रोलरने दाबून बसवतात. रोलर ठरल्यापेक्षा पुढे गेला आणि भिंतीत मोठा ताण अडकून राहिला. ताणलेल्या जागेकडे हायड्रोजन सरकतो, भेगेच्या टोकाशी हायड्राइड साचतं, तडकतं, भेग एक पाऊल पुढे जाते, तिथे पुन्हा साचतं. ही रखडत वाढणारी भेग हाच आमच्या कामाचा गाभा. २५० अंशांच्या आसपास ती दिवसाला काही मिलिमीटर सरकू शकते. “आधी गळती, मग फूट” या क्रमात आपल्या हाती किती तास आहेत, ते या वेगावर ठरतं.

तो वेग मोजायचा तर नळीचा तुकडा हायड्राइड विरघळेपर्यंत तापवायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग ठरलेल्या तापमानाला वरून खाली उतरायचं आणि नंतरच भार द्यायचा. वरून उतरायचं, हे महत्त्वाचं. हायड्राइड विरघळायला लागणारं तापमान आणि पुन्हा पडायला लागणारं तापमान एक नसतं. खालून तापवत त्याच अंशावर आलात, तर काही वेळा भेग हलतच नाही आणि धातू फार चांगला वाटतो. उतरताना तापमान ठरल्या अंशाच्या खाली घसरलं, तर प्रयोग वाया. भेग वाढली की तुकड्यातल्या विजेचा दाब किंचित वाढतो, म्हणून तिची लांबी तुकड्यातून वीज सोडून मायक्रोव्होल्टमध्ये बघतात, पण तारांचे जोड तापून काळवंडले की आकडा आपोआप सरकतो आणि भेग वाढल्यासारखी वाटते. म्हणून शेवटी तुकडा हवेत तापवून भेगेच्या पृष्ठभागाला रंग चढवायचा, तो तोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली खरी लांबी मोजायची. भट्टीतून आलेला तुकडा असेल, तर हे सगळं जाड भिंतीपलीकडे, शिशाच्या काचेतून बघत, यांत्रिक हातांनी. “संगणकावर का नाही करत?” करतो. पण संगणकाला द्यायचा वेग याच तुकड्यांतून येतो.

आणि तरीही ११ मार्च २०१६ ला काक्रापारच्या पहिल्या युनिटमध्ये क्यू-१५ चॅनेलची नळी गळली. भट्टी आपोआप बंद झाली. नळ्या बदलून जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. मिश्रधातू नवा, स्प्रिंगा घट्ट. तपासात नळ्यांच्या बाहेरच्या अंगावर, वायूच्या बाजूला, गंजाचे ठिपके सापडले. दोन्ही युनिटांच्या नळ्या बदलाव्या लागल्या. आमचं बहुतेक लक्ष आतल्या बाजूवर, पाण्याकडे होतं. बाहेर फटीतला वायू हा आमच्या लेखी गळतीची खबर देणारा पहारेकरी होता. त्या बाजूने धोका येईल असं मी तरी धरलं नव्हतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण विचारलंत म्हणून लिहिते.

कॅनडाने सगळं करून ठेवलंय म्हणता, तर २०२१ चंही ऐका. ब्रूस केंद्राच्या दोन युनिटांतल्या नळ्यांत, टोकाच्या जॉइंटजवळ, हायड्रोजन परवान्यातल्या १२० पीपीएमच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला. गणिताने हा आकडा वर्तवला नव्हता. जास्तीचा हायड्रोजन होता नळीच्या वरच्या अंगाला. पुढे आलेलं स्पष्टीकरण असं: वर्षानुवर्षांच्या क्रीपने नळीचा व्यास वाढतो, इंधनाचे गठ्ठे तळाशीच बसलेले राहतात, वर मोकळी जागा होते आणि तिथून पाणी कमी तापून निघून जातं. वरची भिंत खालच्यापेक्षा थोडी थंड राहते, आणि हायड्रोजन तिकडे जातो.

क्रीप मोजणारा गट आणि हायड्रोजन मोजणारा गट बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. आमच्याकडेही आहेत. सध्या मी क्रीपवाल्यांकडून व्यासाचे जुने आकडे मागवते आहे. प्रत्येक नळीचे, सुरुवातीपासूनचे, वर आणि खाली वेगळे. खालचे मिळाले. वरचे बहुतेक नळ्यांत वेगळे नोंदलेलेच नाहीत, कारण ते कधी लागतील असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.