बावन्नचा डबा

बाबा पहिल्यांदा माझ्या नेहमीच्या डायनरमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या साध्या खाण्याच्या हॉटेलात, आले तेव्हा त्यांनी मेनूकार्ड उघडलंच नाही. आधी छताकडे पाहिलं, मग खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, मग भिंतीच्या पत्र्यावर दोन टिचक्या मारल्या. वेट्रेस कॉफीचं भांडं घेऊन उभी आणि हे भिंतीला कान लावून. "बाबा, बसा ना, लोक बघतायत," मी म्हटलं. तर म्हणाले, "अगं, हा डबा आहे!"

बाबांची ३२ वर्षं माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गेली. डबे ठरावीक मुदतीनं तिथे येतात, उघडले जातात, पत्रा, चाकं, सीटा, रंग सगळं बघून पुन्हा रुळांवर जातात. याला पीओएच म्हणतात. आमच्या घरी दिवाळीच्या साफसफाईलाही हाच शब्द होता. न्यू जर्सीत येऊन मला सहा वर्षं झाली. दर रविवारी मी इथे येते आणि 'जुन्या पद्धतीचं छान हॉटेल' यापलीकडे मला त्यात कधी काही दिसलं नव्हतं.

डायनर म्हणजे जुने रेल्वेचे डबे आणून केलेली हॉटेलं, असं इथले लोकही बिनधास्त सांगतात. काही ठिकाणी जुन्या ट्रामगाड्या वापरल्या गेल्या, पण बहुतेक डायनर कधी रुळांवर धावलेच नाहीत. त्यांचं मूळ हातगाडीच्या जवळचं आहे. ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स शहरात छापखान्यात काम केलेल्या वॉल्टर स्कॉटनं १८७२ मध्ये रात्रपाळीवाल्यांसाठी घोडागाडीतून खाणं विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहून खायचं, पाऊस आला तर भिजायचं. १८८७ मध्ये सॅम्युएल जोन्सनं गिऱ्हाईकालाही आत उभं राहता येईल एवढी मोठी गाडी काढली. पुढे गाड्या मोठ्या होत गेल्या आणि एका जागी मुक्काम करू लागल्या, पण त्या बांधायची रीत बदलली नाही. अख्खं हॉटेल कारखान्यात तयार व्हायचं. काउंटर, स्टुलं, फरशी, भट्टी, घड्याळ, सगळं आतच. मग ते रेल्वेनं किंवा ट्रेलरवरून नेऊन तयार पायावर ठेवायचं. अशा कारखान्यांचा मोठा अड्डा न्यू जर्सीतच होता. एलिझाबेथ गावातल्या जेरी ओमाहोनीच्या एकट्या कंपनीनं सुमारे २००० डायनर बनवले असं म्हणतात.

हे कळल्यावर आतली रचना मला उलगडायला लागली. रस्त्यावरून जेवढं नेता येईल तेवढंच हॉटेल रुंद. म्हणून सगळं लांबीत. भिंतीला लागून शेगडी आणि कपाटं, मग खानसाम्यापुरती गल्ली, मग काउंटर, जमिनीत घट्ट रोवलेल्या खांबांवरची गोल स्टुलं, मग माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट आणि खिडकीशी समोरासमोर बाकं. 'कूपे', असं बाबांनी त्या बाकांचं नाव ठेवलं. इथे त्यांना बूथ म्हणतात. सुरुवातीला नुसती स्टुलंच असायची. उंच स्टुलावर अनोळखी पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून बसणं बायकांना नको वाटे. म्हणून १९२०च्या सुमारास बूथ आले, खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या आल्या आणि 'बायकांचं स्वागत आहे' अशा अर्थाच्या पाट्या लागल्या. गंमत म्हणजे इथे नवीन असताना मी एकटीच यायचे तेव्हा मला ते स्टूलच बरं वाटायचं. चौघांच्या बूथमध्ये एकटं बसलं की समोरची रिकामी सीट डोळ्यांत खुपते. स्टुलावर सगळ्यांचीच तोंडं एका दिशेला, समोर आम्लेट उलटणारा माणूस, आणि कप अर्धा झाला की न मागता भरणारी बाई. तिथे एकट्या माणसाकडे कुणी वळूनही बघत नाही.

आता बाबांचा अहवाल. छत कमानदार, सनमायकाच्या वाकवलेल्या तक्त्यांचं, आणि तक्त्यांचे सांधे झाकायला धातूच्या पट्ट्या. "आपल्या डब्यातही सांधा असाच झाकतात." काउंटरमागची भिंत स्टेनलेस स्टीलची, त्यावर उगवत्या सूर्याच्या किरणांसारखी दाबून काढलेली नक्षी. मला ती निव्वळ हौस वाटत होती. बाबा म्हणाले, सपाट पातळ पत्रा लहरतो, त्याला वळ्या दिल्या की ताठ राहतो. शिवाय तेल उडालं तरी एक ओला फडका पुरतो. खाली मोझॅकची फरशी, आमच्या डोंबिवलीच्या जुन्या घरात होती तशीच. फक्त ती भिंतीपाशी काटकोनात न थांबता गोलाई घेऊन वर चढते, म्हणजे कोपऱ्यात केर साठत नाही. सीटांचं लाल रेक्झिन मात्र त्यांना पसंत पडलं नाही. "हे नंतर बदललंय, शिवण कच्ची आहे."

मला राहून राहून मुंबईचं इराणी हॉटेल आठवत होतं. तिथेही संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि भिंतीवरचे आरसे यांनीच जागेला चेहरा दिला. पण इराण्याची जागा बहुधा इमारतीच्या कोपऱ्याची, दोन रस्त्यांना उघडी, उंच छताची. हे मात्र चिंचोळं, आत ओढून घेणारं. इराण्याकडे माणूस रस्ता बघत बसतो, इथे शेगडी.

आमच्या डायनरचा दर्शनी भाग मला पहिल्यापासून खटकतो. १९६०-७०च्या सुमारास चकचकीत स्टील जुनाट वाटू लागलं. मग कित्येक मालकांनी पुढे दगडी भिंती चिकटवल्या, कमानी काढल्या, उतरती छपरं चढवली. आमच्याकडेही तेच झालंय. बाहेरून बघाल तर एखाद्या लग्नाच्या हॉलचं प्रवेशद्वार वाटेल. दगडाच्या मागे तो डबा अजून शाबूत आहे हे आत गेल्याशिवाय कळत नाही.

बिल द्यायला गेलो तेव्हा बाबा दारापाशी अडले. चौकटीच्या वर एक छोटी धातूची पट्टी होती. इतक्या वर्षांत माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. 'सिल्क सिटी' आणि चार आकडे, पहिले दोन ५२. मालक ग्रीक आहेत, न्यू जर्सीतल्या पुष्कळ डायनरचे असतात. त्यांनी सांगितलं की हे पॅटरसनच्या कारखान्याचं काम. पॅटरसन हे रेशमाच्या गिरण्यांचं गाव, म्हणून सिल्क सिटी. आकड्यांतले पहिले दोन म्हणजे बनल्याचं साल, पुढचे दोन म्हणजे अनुक्रम.

मी हे मराठीत सांगेपर्यंत बाबांनी मान डोलावली होती. आपल्याकडे डब्यावर जो नंबर असतो, त्याचेही पहिले दोन आकडे सालाचेच. ते मालकांना हे हिंदी-इंग्रजीत समजावत राहिले, मालक आपल्या ग्रीक-इंग्रजीत "येस, येस" म्हणत राहिले, आणि गल्ल्यापाशी आमच्यामागे पाच माणसांची रांग लागली.

रात्री बाबांचा फोन चालू होता, त्यांच्या वर्कशॉपच्या जुन्या मित्राशी. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत मिळणारी भाजी, माझं घर, इथली थंडी, यातलं काहीच नाही. "बावन्नचा डबा आहे रे. पीओएच कधी झालंय देव जाणे, पण पत्रा कुठेही खाल्लेला नाही."