ओआरएसमध्ये साखर कशाला?

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत माझं औषधांचं दुकान आहे, पंचगंगेपासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. परवा एका आजींनी ओआरएसचं, म्हणजे जुलाबात पाण्यात ढवळून प्यायच्या मीठ-साखरेचं, पाकीट उलटंपालटं करून विचारलं, "मीठ-पाणी कळतंय बाळा, पर ह्यात साखर कशापायी? ताकद यायला व्हय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आजी. साखर ताकदीसाठी नाही, मिठाला आत न्यायला आहे.

आतड्याला आतून पेशींचा एकच थर असतो. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण. त्यातून मीठ आपोआप आरपार जात नाही, त्याला प्रथिनांची दारं लागतात. त्यातलं एक दार मिठातल्या सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक, अशी जोडी जमली की आत सोडतं. (घरची साखर आतड्यात फुटते आणि तिच्यातून ग्लुकोज मिळतं.) पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला पंप असतो. तो तीन सोडियम बाहेर काढतो, दोन पोटॅशियम आत घेतो, आणि त्यासाठी पेशी स्वतःची ऊर्जा खर्च करते. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं आणि पलीकडून नवं येत राहतं. त्याच्या मागोमाग पाणी जातं.

पटकीत (कॉलऱ्यात) जंतूचं विष पेशीतून क्लोराइड, म्हणजे मिठातला दुसरा घटक, बाहेर सोडायला लावतं, त्यापाठोपाठ पाणी लोटतं. पण साखर-मिठाचं दार तेव्हाही शाबूत असतं! ही गोष्ट मला आजही थक्क करते. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी सोडियम-ग्लुकोजची ही जोडी १९६० साली प्रागमध्ये मांडली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं. शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ते प्रमाण चाराच्या खाली आलं.

आता मापाचं. २०१९ च्या महापुरात एका शाळेत पूरग्रस्तांना पाकिटं वाटत होतो. एक आई एक लिटरचं अख्खं पाकीट फुलपात्रात ढवळत होती. लेकराला लवकर गुण यावा म्हणून घट्ट केलं होतं. मी तिचा हातच धरला. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसंच आहे हे. पेशीबाहेर मीठ-साखर जास्त झाली की पाणी आत जायचं सोडून बाहेर येतं, जुलाब वाढतात. फुलपात्रातलं सगळं लिटरच्या बाटलीत ओतलं, वर उकळून गार केलेलं पाणी भरलं, आणि ती चमच्याचमच्याने पाजत बसली. कोल्ड्रिंकही याच कारणाने नको. त्यात साखर फार आणि मीठ जेमतेम.

पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओता आणि नवं करा. पोरगं ओकलं तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा चमचा सुरू. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा पोर मलूल पडलं, तर मात्र वाट बघू नका. वाटेतही पाजत पाजत दवाखान्यात न्या.